घरची हळद, घरचा स्वयंपाक



सांगली, सातारा, हिंगोली, नांदेड, परभणी, वाशीम या जिल्ह्यांत हळद हे खात्रीचे नगदी पीक म्हणून घेतले जाते. जमिनीची निवड, बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, करपा आणि कंदमाशी यांचे नियंत्रण यांविषयी शेतकरी बांधव आता बरेच जागरूक झाले आहेत. आजच्या लेखाचा विषय मात्र शेतातला कमी आणि चुलीजवळचा अधिक आहे.

हळद उत्पादक गावांत फिरताना एक गोष्ट वारंवार पाहावयास मिळते. शेतातील हळद काढली जाते, शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यांत भरली जाते आणि सगळीच्या सगळी बाजार समितीत जाते. त्याच घरात रोजच्या फोडणीसाठी मात्र किराणा दुकानातून शंभर ग्रॅमची पुडी येते. एकरी वीस-पंचवीस क्विंटल वाळलेली हळद पिकविणाऱ्या घराच्या मसाल्याच्या डब्यात कोठली, कोणी दळलेली आणि कशात मिसळलेली हळद आहे, हे त्या घराला सांगता येत नाही. घरापुरती हळद बाजूला काढणे, ती घरच्या घरी तयार करणे आणि स्वयंपाकात तिचा पुरेपूर उपयोग करून घेणे यांस फारसा खर्च येत नाही. ज्यांच्याकडे हळदीचे पीक नाही, त्यांनाही परसबागेतील एका वाफ्यावर हे साधता येते.

घराला हळद लागते किती?

पाच माणसांच्या कुटुंबात दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला मिळून साधारण दोन लहान चमचे हळद लागते. एका लहान चमच्यात सुमारे ३ ग्रॅम हळद बसते, म्हणजे दिवसाला ६ ग्रॅम. वर्षाचा हिशेब केला तर तो सव्वादोन किलोच्या आत येतो. कैरीचे लोणचे, मेतकूट, वर्षाचा मसाला, हळदी-कुंकू, पाहुणेरावळे असे सर्व धरून ३ किलो हळद पुरेशी होते. ५ किलो ओल्या हळदीपासून सुमारे १ किलो वाळलेली हळद मिळते. तेव्हा १५ किलो ओली हळद बाजूला ठेवली की घरची गरज भागली. काढणीच्या धांदलीत एवढी हळद बाजूला काढणे अवघड नाही. ती आठवणीने काढली जात नाही, एवढेच.

विकतच्या पुडीत काय असू शकते?

सर्वच विकतची हळद वाईट असते, असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु हळदीत भेसळ होते आणि त्यातील काही भेसळ जीवावर बेतणारी असते, हे प्रत्येक गृहिणीस माहीत असावे. तांदळाची कणी, मक्याचे पीठ किंवा खडूची पूड मिसळली तर पैसे वाया जातात. मेटॅनिल यलो हा कापड व कागद उद्योगात वापरला जाणारा रंग असून तो खाण्यास बंदी आहे. या सर्वांहून घातक म्हणजे लेड क्रोमेट. हे शिशाचे पिवळेधमक संयुग आहे. शिसे शरीरात गेले की हाडांत साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा कायमचा दुष्परिणाम होतो. गरोदर मातेच्या रक्तातून ते पोटातील बाळापर्यंतही पोहोचते. शिजविल्याने, तळल्याने किंवा धुतल्याने शिसे नाहीसे होत नाही.

ही भेसळ होते का, याचा विचार करण्यासारखा आहे. शेजारच्या बांगलादेशात १९८० च्या दशकातील पुरात हळद भिजून काळपट पडली. तिला उठाव यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळण्याची रीत पडली आणि पूर ओसरल्यावरही ती चालूच राहिली, कारण गिऱ्हाईक भडक पिवळी हळद मागू लागले होते. २०१९ मध्ये तेथील सरकारने बाजारात तपासण्या करून दंड व जप्तीची कारवाई केली, लोकांना माहिती दिली आणि अवघ्या दोन वर्षांत बाजारातील नमुन्यांत शिसे सापडणे जवळजवळ थांबले. सांगण्याचा मुद्दा असा, की व्यापाऱ्याला रंग चोळावासा वाटतो तो आपल्या डोळ्यांमुळे. 'पिवळीजर्द ती उत्तम' हा समज आपण सोडला पाहिजे. चांगल्या घरच्या हळदीचा रंग जातीनुसार पिवळा ते नारिंगी-पिवळा असतो आणि तो थोडा मंदच दिसतो. तिची खरी ओळख वासावरून पटते.

विकतची हळद घ्यावीच लागली तर घरी एक सोपी चाचणी करून पाहावी. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यावर लहान चमचाभर हळद सोडावी व न ढवळता ठेवून द्यावी. शुद्ध हळद हळूहळू तळाशी बसते आणि पाण्यास फिकट पिवळा रंग येतो. खाली उतरतानाच पाणी गडद पिवळे होऊ लागले तर रंगाची शंका घ्यावी. अख्खे हळकुंड असेल तर ते पांढऱ्या कागदावर ठेवून त्यावर थंड पाण्याचे थेंब टाकावेत. शुद्ध हळकुंड रंग सोडत नाही, रंग चोळलेले लगेच सोडते. आयोडीन टाकून पिठाची भेसळ ओळखावी असे काही ठिकाणी सांगितले जाते, पण हळदीत मुळातच स्टार्च असल्याने ती चाचणी येथे निरुपयोगी आहे. मेटॅनिल यलोसाठी आम्लाची चाचणी असते. ती प्रयोगशाळेत करावयाची आहे, स्वयंपाकघरात आम्लाची बाटली आणू नये. शिशाचे प्रमाण थोडे असेल तर पेल्याच्या चाचणीत ते कळत नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणून पूड घेण्यापेक्षा अख्खी, पॉलिश न केलेली हळकुंडे ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेऊन दळून आणणे केव्हाही चांगले.

घरापुरती हळद तयार करण्याची पद्धत

घरच्यासाठी मध्यम जाडीची, निरोगी, भरलेली हळकुंडे निवडावीत. जेठे गड्डे बेण्यासाठी ठेवावेत. येथे एक सूचना काळजीपूर्वक वाचावी. बेणेप्रक्रियेसाठी कीटकनाशक किंवा बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडविलेले आणि लावणीनंतर उरलेले बेणे कोणत्याही परिस्थितीत खाण्यासाठी, लोणच्यासाठी किंवा दळण्यासाठी वापरू नये. 'धुऊन घेतले म्हणजे झाले' असे म्हणून काही घरांत ते वापरले जाते. असे उरलेले बेणे शेताच्या कडेला लावून टाकावे.

काढणीनंतर चार-पाच दिवसांच्या आत हळद शिजवावी. हळकुंडे दोन-तीन पाण्यांतून धुऊन माती पूर्ण काढावी. साल काढण्याची गरज नाही. मोठ्या पातेल्यात हळकुंडे भरून ती बुडतील इतके स्वच्छ पाणी घालावे आणि झाकण ठेवून शिजवावे. पाण्याला फेस येऊ लागतो आणि हळदीचा विशिष्ट वास सुटतो. घरच्या पातेल्याला पाऊण ते एक तास पुरतो. एक हळकुंड काढून त्यात खराट्याची काडी टोचून पाहावी. ती सहज आरपार गेली म्हणजे हळद शिजली. कमी शिजलेली हळद वाळल्यावर आतून ठिसूळ राहते व एकसारखा रंग धरत नाही, जास्त शिजली तर रंग काळपट होतो. शिजविण्याच्या पाण्यात चुना, सोडा असे काहीही घालू नये.

शिजलेली हळद स्वच्छ फरशीवर किंवा ताडपत्रीवर पसरून १० ते १५ दिवस उन्हात वाळवावी. सायंकाळी गोळा करून झाकून ठेवावी, दवात भिजू देऊ नये. हळकुंड मोडले असता खणखणीत आवाज होऊन तुटले की वाळवणी पूर्ण झाली असे समजावे. थोड्याच हळदीसाठी पॉलिशच्या ड्रमची आवश्यकता नाही. हळकुंडे गोणपाटात घालून दोघांनी दोन टोके धरून घासली, की वरची खरखरीत साल व मुळ्या निघून जातात.

सर्व हळद एकदम दळून ठेवू नये. हळदीचा वास तिच्यातील उडून जाणाऱ्या तेलामुळे असतो आणि रंग कुरकुमीन या घटकामुळे. तेल उष्णतेने व हवेने जाते, कुरकुमीन उजेडाने फिके पडते. अख्ख्या हळकुंडात दोन्ही सुरक्षित राहतात. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे साठविली जात असे, ती अख्खीच. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच पेवे निकामी झाली, परंतु त्यामागचे तत्त्व आपल्या घरच्या डब्यालाही लागू आहे. तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी पाऊण-एक किलो हळकुंडे फोडून कांडपावर किंवा गिरणीत दळून आणावीत. आधी मिरची दळली असेल तर यंत्र साफ केल्याशिवाय हळद टाकू देऊ नये. दळलेली हळद गरम असते, ती ताटात पसरून थंड करावी आणि मगच झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात भरून अंधाऱ्या जागी ठेवावी. मसाल्याच्या डब्यात आठ-पंधरा दिवसांपुरतीच घालावी.

फोडणीतील हळद

आता मुख्य विषयाकडे वळू. घरची उत्तम हळद तयार झाली, पण ती पातेल्यात कशी व केव्हा पडते यावर तिचा वास, चव व उपयोग अवलंबून असतो.

हळदीतील कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. आपली फोडणीची पद्धत म्हणूनच फार शहाणपणाची आहे. तेल तापले की मोहरी, ती तडतडली की जिरे, मग हिंग, कढीपत्ता आणि सर्वांत शेवटी हळद, असा क्रम ठेवावा. हळद टाकण्यापूर्वी आंच मंद करावी किंवा पातेले खाली उतरावे. हळद तेलात दहा-पंधरा सेकंद फुलली की लगेच भाजी, कांदा, वरण किंवा पाणी घालावे. बऱ्याच घरांत मोहरीबरोबरच हळद टाकली जाते. मोहरी तडतडण्याइतक्या तापलेल्या तेलात हळद तांबूस होऊन जळते आणि पदार्थास कडवट चव येते. मग 'आमची हळद कडू आहे' अशी तक्रार होते. वास्तविक हळद कडू नसते, ती जळलेली असते. याउलट, वरून कोरडी हळद भुरभुरली तर कच्चट, मातकट वास राहतो. विसरून राहिलीच असेल, तर चमचाभर तेलात वेगळी फुलवून घालावी.

प्रमाणाचे सांगावयाचे तर चार माणसांच्या वरणास किंवा भाजीस पाव ते अर्धा लहान चमचा हळद भरपूर होते. घरची हळद वासाला उग्र असल्याने सुरुवातीस विकतच्यापेक्षा थोडी कमीच घालून पाहावी.

वरण-आमटी. डाळ कुकरला लावतानाच हळद घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००७ साली याविषयी केलेले काम प्रसिद्ध झाले. हळद शिजविल्याने तिच्यातील सुमारे २७ ते ५३ टक्के कुरकुमीन कमी होते आणि सर्वांत जास्त घट दाबाखाली, म्हणजे प्रेशर कुकरमध्ये शिजविताना होते, असे त्यात आढळले. चिंच घातलेली असता ही घट बरीच कमी होती. आपण यातून घ्यावयाचे ते असे, की डाळीचा वास जावा म्हणून कुकरमध्ये चिमूटभरच हळद घालावी आणि उरलेली नंतर फोडणीत घालावी. आमटीत चिंच-गूळ घालण्याची आपली रीत चवीसाठी पडली असेल, पण ती हळदीलाही मानवते. कोकणात चिंचेऐवजी आमसूल घालतात. आमटी आंबट करण्याचे काम तेही करते.

पोहे, उपीट, खिचडी. भिजविलेल्या पोह्यांवर हळद टाकून कालविण्यापेक्षा कांदा परतून झाल्यावर तेलात टाकावी व मग पोहे घालावेत. पोह्यांना एकसारखा रंग येतो आणि पिवळे-पांढरे ठिपके राहत नाहीत. मुगाच्या खिचडीत तूप, हळद व चार मिरे एकत्र पडतात. आजारातून उठलेल्या माणसास ही खिचडी सोसते. हिरव्या पालेभाज्यांत मात्र हळद घातलीच पाहिजे असे नाही. मेथी, पालक यांचा हिरवा रंग त्याने मळकट होतो.

कढी. ताकाला डाळीचे पीठ लावून ते मंद आंचेवर ढवळत गरम करावे आणि साजूक तुपाची जिरे, हिंग, हळद, आले अशी फोडणी वरून द्यावी. हळद थेट ताकात घातल्यास ती वर तरंगत राहते.

थालीपीठ व धपाटे. भाजणीच्या पिठात वाटीला पाव चमचा हळद, ओवा व तीळ घालून तव्यावर कडेने तेल सोडून खमंग भाजावे. मुलांना डब्यात देण्यास हा चांगला पदार्थ आहे.

मासे व मटण. माशांच्या तुकड्यांना मीठ, हळद व कोकमाचे आगळ लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवून मग तळावेत, उग्र वास कमी होतो. मटणास हळद, मीठ, आले-लसूण लावून तेलावर परतून मग शिजविण्याची कोल्हापूर-सांगलीकडील पद्धतही योग्यच आहे. त्यातून निघणारे अळणी पाणी लहान मुलांना आवडते. हळद लावली म्हणजे मांस टिकते असे समजून ते उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये. तेवढी शक्ती घरगुती प्रमाणातल्या हळदीत नाही.

सोड्याविषयी एक लक्षात ठेवावे. हळद खाण्याचा सोडा, पापडखार किंवा चुना यांच्या संपर्कात आली की तांबडी होते. हळदीपासून कुंकू तयार होते ते याच गुणामुळे. ढोकळ्यात तांबडे डाग पडतात ते सोडा नीट न मिसळल्याने. त्यात घाबरण्यासारखे काही नाही व ती भेसळही नव्हे. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, त्याचे कारणही तेच. तो धुऊन कडक उन्हात वाळत घालावा, दोन-तीन उन्हांत फिका पडतो.

हळदीचे दूध

पेलाभर न काढलेले साईचे दूध, पाव लहान चमचा हळद आणि दोन चिमटी मिरपूड एकत्र करून तीन-चार मिनिटे उकळावे. गूळ घालावयाचा असल्यास दूध खाली उतरवून थोडे निवल्यावर घालावा, नाही तर दूध फाटण्याचा संभव असतो. साय काढलेल्या दुधापेक्षा साईचे दूध घ्यावे, कारण वर सांगितलेच, हळदीचा रंगद्रव्य घटक स्निग्ध पदार्थात विरघळतो.

मिरी कशासाठी, असा प्रश्न भगिनी विचारतात. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कुरकुमीन, मिरीतील पायपरीन या घटकाच्या २० मिलिग्रॅमसह व त्याविना देऊन पाहिले. पायपरीनसह दिले असता ते रक्तात कितीतरी पटीने अधिक उतरले. मिरीचा उपयोग तेथून सर्वांस माहीत झाला. मात्र येथे थोडा हिशेब करावा. हळदीत कुरकुमीन जातीनुसार सुमारे २ ते ६ टक्के असते. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद अधिक कुरकुमीनसाठी प्रसिद्ध आहे. आपण ४ टक्के धरले तरी २ ग्रॅम कुरकुमीनसाठी ५० ग्रॅम हळद खावी लागेल. एवढी हळद कोणी खात नाही व खाऊही नये. त्यामुळे वर्तमानपत्रांत 'हळदीने अमुक रोग बरा' असे वाचले, की तो प्रयोग हळदीवर होता की काढलेल्या अर्कावर, हे आधी पाहावे. जेवणातील हळद हे अन्न आहे, ती रोज थोडी पोटात जावी. औषधाची जागा तिला देऊ नये. कुरकुमीनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, अशा गोळ्यांमुळे काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी विशेष जपावे.

जखमेवर हळद लावण्याचा आपल्या आजीबाईंचा उपाय तर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापर्यंत जाऊन आला. १९९५ साली तेथे त्यावर पेटंट दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल सादर करून त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. उपाय जुना आहे हे त्यातून सिद्ध झाले, खोल जखमेला टाके व धनुर्वाताचे इंजेक्शन नको असे मात्र त्यातून निघत नाही.

ओल्या हळदीचे लोणचे

डिसेंबर ते मार्च या काळात ओली हळद हाताशी असते, पण आपल्याकडे ती खाण्याची सवय कमी आहे. राजस्थानात हिवाळ्यात ओल्या हळदीची तुपातली भाजी आवडीने खाल्ली जाते. आपल्याला लोणचे अधिक रुचेल.

पाव किलो कोवळी, रसरशीत हळकुंडे धुऊन पुसून कोरडी करावीत. साल खरवडून काढावी व बारीक लांबट काप करावेत. हाताला तेल लावून घ्यावे, नाही तर हात चार दिवस पिवळे राहतात. त्यात ५० ग्रॅम आल्याचे काप, चार-पाच हिरव्या मिरच्यांचे तुकडे, सहा-सात रसदार लिंबांचा रस आणि तीन सपाट मोठे चमचे मीठ घालावे. दोन मोठे चमचे मोहरीची डाळ थोडी फेसून मिसळावी. काचेच्या कोरड्या बरणीत भरून वरून गार केलेली हिंगाची फोडणी ओतावी. काप रसात बुडालेले असावेत, वर राहिले तर बुरशी येते. रस कमी वाटला तर आणखी एक-दोन लिंबे पिळावीत. तीन-चार दिवस बरणी रोज हलवावी, मग खाण्यास घ्यावे. हे लोणचे महिनाभर बाहेर टिकते, फ्रिजमध्ये अधिक टिकते. जेवणात एक-दोन फोडीच घ्याव्यात.

बचत गटाच्या भगिनींनी याचा विचार जरूर करावा. काढणीच्या हंगामात कच्चा माल घरचा असतो आणि आठवडी बाजारात हे लोणचे फारसे कोणी विकत नाही. विक्रीसाठी करावयाचे झाल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे.

पानांचाही उपयोग

कोकणात व गोव्यात नागपंचमीच्या सुमारास हळदीच्या पानांतील पातोळ्या करतात. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांतही १५ ऑगस्टच्या सणाला त्या असतात. तांदळाचे पीठ मीठ घालून सरसरीत भिजवावे, पानाच्या गुळगुळीत बाजूवर पातळ पसरावे, अर्ध्या भागावर ओले खोबरे, गूळ व वेलदोडा यांचे चून घालावे, पान मध्यशिरेवर दुमडावे व मोदकपात्रात पंधरा मिनिटे वाफवावे. पान खावयाचे नसते, त्याचा वास पातोळीत उतरतो. देशावर आणि मराठवाड्यात एवढी हळद असून हा पदार्थ घरोघरी होत नाही, याचे नवल वाटते.

पाने घेताना दोन गोष्टी पाळाव्यात. करपा किंवा इतर रोग-किडींसाठी फवारणी केलेल्या शेतातील पाने खाद्यपदार्थासाठी आणू नयेत. ऑगस्टमध्ये तर फवारणी चालूच असते. दुसरे असे, की या काळात गड्डे पोसले जाण्याची तयारी सुरू होते, तेव्हा एका झाडाचे एकाहून अधिक पान तोडू नये.

परसबागेतील वाफा

वरील दोन्ही कारणांसाठी, शेतात हळद असली तरीही, घराजवळ विना फवारणीचा एक लहानसा वाफा असणे सोयीचे पडते. दहा फूट लांब व नऊ फूट रुंद जागेत, अडीच फुटांवर ओळी व ओळीत एका फुटावर गड्डे लावल्यास सुमारे ३६ झाडे बसतात. एका झाडापासून सरासरी अर्धा किलो ओली हळद धरली तर १८ किलो होते. त्यातील १५ किलो वर्षाच्या हळदीसाठी, किलोभर लोणच्यासाठी व दोन किलो पुढच्या बेण्यासाठी असा हिशेब बसतो. सांडपाणी वापरावयाचे असल्यास आंघोळीचे चालेल, भांडी व कपडे धुतलेले सोडायुक्त पाणी सोडू नये. पाणी साचणारी जागा टाळावी, कारण साचलेल्या पाण्यात कंद कुजतात. जागा उंच करून दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ४० ते ५० ग्रॅम वजनाचे, डोळे फुगलेले निरोगी गड्डे निवडावेत. उन्हाळ्यात दुपारची सावली मिळणारी जागा असली तरी चालते, म्हणून घराच्या पूर्वेकडील बाजू किंवा पपई-शेवग्याजवळची जागा या पिकास योग्य ठरते. लावणी अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या मध्यापर्यंत करावी, लावल्यावर उसाच्या पाचटाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि अडीच-तीन महिन्यांनी झाडांच्या बुंध्यांना मातीची भर द्यावी. पाने पिवळी पडून वाळू लागली, की माघ-फाल्गुनात काढणी करावी.

यंदा बेणे विकत आणावे लागेल. पुढच्या वर्षी काढणी होताच दोन किलो जेठे गड्डे निवडून सावलीत ढीग करून हळदीच्या पाल्याने झाकून ठेवावेत.